एक मोठी क्रूझ की चार लहान? अण्णांच्या बेतावरून रंगलेला वाद

निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशांतून अण्णा आणि वहिनींनी एकच दीर्घ जलप्रवास करावा, की तेवढ्याच रकमेत पुढील काही वर्षांत लहान लहान क्रूझ कराव्यात, हा विषय सध्या आमच्या कट्ट्यावर गाजतो आहे. जानेवारीत निघून शंभराहून अधिक दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या जहाजावर केबिन घ्यावी, हा अण्णांचा पहिला बेत. एकेका आठवड्याच्या किंवा पंधरवड्याच्या सफरी कराव्यात, हा दुसरा. हा वाद मला लिहून काढावासा वाटला, कारण क्रूझचा विचार करणारे बहुतेक जण रात्रींची संख्या आणि भाडे यांपाशीच अडकतात आणि जहाजावरचा दिवस आपल्याला कसा घालवायचा आहे, हा प्रश्न पैसे भरून झाल्यावर त्यांच्यापुढे उभा राहतो.

सर पहिल्यापासून मोठ्या सफरीच्या बाजूने होते. त्यांचे म्हणणे असे की, सात रात्रींच्या क्रूझमध्ये चढण्याचा दिवस दुपारनंतर सुरू होतो आणि उतरण्याच्या दिवशी सकाळीच केबिन रिकामी करावी लागते, त्यामुळे मधले पूर्ण दिवस सहाच मिळतात. अशा चार सफरींचे पूर्ण दिवस होतात 24, तर 28 रात्रींच्या एकाच सफरीचे होतात 27. ताईंनी लगेच विचारले, "एवढ्याशा तीन दिवसांसाठी एवढा आग्रह कशाला?" त्यावर सरांनी खरा मुद्दा मांडला. चार सफरी म्हणजे बंदरापर्यंत चार वेळा जाणे आणि चार वेळा परतणे, विमानाला उशीर झाला तर जहाज चुकू नये म्हणून प्रत्येक वेळी आदल्या दिवशी पोहोचून मुक्काम करणे, चार वेळा बॅगा भरणे आणि उपसणे, आणि संकटकाळी कोठे जमायचे याची कवायतही चार वेळा करणे. शिवाय समुद्रात लय सापडायला काही दिवस जातात आणि ती सापडते न सापडते तोच लहान सफर संपते, असे ते म्हणाले.

या शेवटच्या मुद्द्याला डॉक्टरांनी दुजोरा दिला. ज्यांना बोट लागते, त्यांच्यापैकी बहुतेकांचे शरीर दोन-तीन दिवसांत हेलकाव्यांना सरावते, त्यामुळे तीन-चार रात्रींच्या सफरीत नेमका त्रासाचाच काळ वाट्याला येतो आणि बरे वाटू लागते तेव्हा उतरण्याची वेळ झालेली असते. पण त्याच दमात डॉक्टरांनी दुसरी बाजूही सांगितली आणि ती मला अधिक गंभीर वाटते. जहाजावरचा दवाखाना प्राथमिक उपचार करतो आणि रुग्णाची स्थिती सावरून धरतो. आजार मोठा असेल तर त्याला किनाऱ्यावरच पोहोचवावे लागते, आणि मध्यसमुद्रात असताना ते लगेच जमेलच असे नाही. प्रवास विम्याच्या अनेक पॉलिसींमध्ये एका सफरीच्या दिवसांना मर्यादा असते, त्यामुळे शंभर दिवसांच्या प्रवासासाठी नेहमीची पॉलिसी पुरेल असे गृहीत धरता येत नाही. अण्णांना रक्तदाबाची गोळी रोज लागते, म्हणून औषधांचा संपूर्ण साठा, आणि त्यावर काही दिवसांचा जादा, हातातल्या बॅगेत हवा, असे त्यांनी बजावले.

ताईंचा पक्ष मात्र मला सर्वांत भक्कम वाटला, कारण तो बंदरांच्या वास्तवावर उभा होता. जहाज एखाद्या बंदरात साधारणपणे आठ-दहा तास थांबते, मग तुम्ही शंभर दिवसांच्या सफरीवर असा की सात. त्यातही बंदर म्हणजे शहर नव्हे. रोमसाठी जहाज चिव्हितावेक्किया येथे लागते आणि तेथून रोम सुमारे 70 किलोमीटरवर आहे. पॅरिसच्या नावाने जाहिरात होते ती ल आव्र बंदराची, जे पॅरिसपासून सुमारे 200 किलोमीटरवर आहे. बँकॉकला जाणारी मोठी जहाजे बहुतेकदा लेम चाबांगला थांबतात आणि तेथून शहरात पोहोचायलाच दोन तासांच्या आसपास लागतात. पृथ्वीप्रदक्षिणेत अशी कित्येक बंदरे एकामागून एक येतात आणि एकाही ठिकाणी रात्र काढता आली नाही, अशी चुटपुट शेवटी उरू शकते. लहान सफरीत मात्र जहाज जेथून सुटते किंवा जेथे संपते त्या शहरात स्वतःच्या हिशेबाने चार दिवस राहता येते. बार्सिलोना, सिंगापूर, व्हँकूव्हर ही अशी शहरे आहेत की जहाज नसते तरीही तेथे जावे.

ऋतूंचा मुद्दाही ताईंनीच काढला. जानेवारीत निघणारे जहाज वसंत संपता संपता परत येते; त्यामुळे अलास्काचा हंगाम, जो साधारण मेपासून सप्टेंबरपर्यंत असतो, आणि नॉर्वेच्या फ्योर्डमधील (डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्यांमधील) उन्हाळा त्याच्या वाट्याला येत नाही. सफरी वेगवेगळ्या केल्या तर प्रत्येक प्रदेश त्याच्या योग्य काळात पाहता येतो. यावर सरांकडे उत्तर नव्हते आणि ते तसे मोकळेपणाने म्हणालेही.

त्यांनी मग मधला मार्ग सुचवला: एकाच जहाजावरच्या लागोपाठच्या दोन लहान सफरी घ्यायच्या, म्हणजे घरी ये-जा एकदाच होईल. बेत चांगला आहे, पण त्यात दोन अडचणी आहेत. पहिली किरकोळ आहे: दोन्ही सफरींना एकच केबिन मिळाली नाही तर मधल्या दिवशी सामान हलवावे लागते. दुसरी कायद्याची आहे आणि ती अनेकांना ठाऊक नसते. अमेरिकेच्या 1886 च्या प्रवासी जहाज कायद्यानुसार परदेशी ध्वजाच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या, जहाजाला, आणि मोठी क्रूझ जहाजे जवळजवळ सर्व परदेशी ध्वजाचीच असतात, अमेरिकेच्या एका बंदरातून प्रवासी घेऊन त्याला त्याच देशाच्या दुसऱ्या बंदरात उतरवता येत नाही, मध्ये कायद्याच्या व्याख्येत 'दूरचे' ठरणारे एखादे परदेशी बंदर घेतले असेल तरच ते चालते. म्हणून लॉस एंजेलिस ते व्हँकूव्हर आणि त्याच जहाजावरून पुढे व्हँकूव्हर ते अलास्कातील सूअर्ड अशा दोन सफरी वेगवेगळ्या घेतल्या तर त्या नियमात बसतात, पण लागोपाठ घेतल्या की कायदा त्यांना एकच प्रवास मानतो, आणि कॅनडातील व्हँकूव्हर 'दूरचे' बंदर ठरत नाही. पनामा कालव्यातून मायामीहून लॉस एंजेलिसला जाणारी जहाजे कोलंबियातील कार्टाहेना किंवा अरूबा यांसारख्या, 'दूरच्या' ठरणाऱ्या बंदरांत थांबतात, त्यामागे हेही कारण असते. तेव्हा सफरी जोडण्यापूर्वी कंपनीला स्पष्ट विचारलेच पाहिजे.

पैसा एकाच ठिकाणी गुंतवण्याचा धोकाही मोठ्या सफरीत अधिक आहे. तिकिटाच्या अटींनुसार मार्ग बदलण्याचा अधिकार कंपनीकडेच राहतो. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर 2024 मध्ये अनेक कंपन्यांनी आपल्या पृथ्वीप्रदक्षिणा सुएझऐवजी आफ्रिकेला वळसा घालून नेल्या. 2020 च्या जानेवारीत निघालेल्या प्रवाशांची स्थिती तर फारच बिकट झाली. कोस्टा डेलिझिओसा हे जहाज महासाथीत बंदरे बंद होत असताना एप्रिलमध्ये जेनोआला परतले. चार सफरींपैकी एक बिघडली तर तीन शिल्लक राहतात, हे ताईंचे म्हणणे मला पटते.

इतके झाल्यावर डॉक्टरांनी अण्णांना सरळ विचारले, "अण्णा, तुम्हाला जहाजावर बसून करायचे तरी काय आहे?" अण्णा थोडा वेळ थांबून म्हणाले, "मला चोहोबाजूंनी जमीन दिसता कामा नये. सकाळी उठलो की पाणी, दुपारी पाणी, रात्री पाणी. बंदरे नाही दिसली तरी चालतील." वहिनींनी तितक्याच ठामपणे सांगितले की त्यांना गावे पाहायची आहेत, बाजारात हिंडायचे आहे, आणि दिवसभर नुसते पाणी बघत त्या बसणार नाहीत.

माझ्या मते येथे वादाचा खरा निकाल लागला. अण्णांना हवा आहे तो बंदराविना जाणारा, समुद्रातला सलग काळ, आणि तो पृथ्वीप्रदक्षिणेतही तुकड्यातुकड्यांनीच मिळतो. तो भरपूर मिळतो महासागर ओलांडणाऱ्या सफरींत. कॅरिबियनमध्ये हिवाळा काढलेली जहाजे वसंतात युरोपकडे येतात आणि शरद ऋतूत परत जातात. अशा स्थलांतराच्या सफरींत अटलांटिकवर सहा-सात दिवस सलग जमीन दिसत नाही, आणि दर रात्रीचे भाडेही पुष्कळदा नेहमीच्या सफरींपेक्षा कमी पडते. वहिनींना हवी ती बंदरांनी भरलेली आठवडाभराची सफर, भूमध्य समुद्रातली किंवा तशी दुसरी. एका महागड्या तिकिटात दोघांच्या दोन इच्छा कोंबण्यापेक्षा दोन वेगवेगळ्या सफरी घ्याव्यात, आणि पहिल्या सफरीपूर्वी किनाऱ्यावर वहिनींच्या पसंतीचे चार-पाच दिवस ठेवावेत, असे मी सुचवले. या पर्यायात एक खर्च वाढतो तो मान्य केला पाहिजे: जहाज एका खंडातून सुटून दुसऱ्या खंडात संपते, त्यामुळे जाण्याचे आणि येण्याचे विमान वेगवेगळ्या शहरांचे घ्यावे लागते.

सरांना हे पटले, पण सात दिवस जमिनीविना वहिनींना झेपतील का, ही शंका त्यांनी बोलून दाखवली. तीवर ताईंनी तोडगा काढला. सिडनीहून न्यूझीलंडकडे जाणाऱ्या सफरीत टास्मान समुद्र ओलांडायला साधारण दोन दिवस लागतात आणि त्यानंतर बंदरे सुरू होतात. ती आधी करावी, तो समुद्र बऱ्याचदा खवळलेला असल्याने बोट लागते की नाही याचीही परीक्षा होईल, आणि दोघांचे जमले तर अटलांटिकचे तिकीट काढावे. वहिनी त्याला लगेच तयार झाल्या.

राहता राहिली दिशा. अटलांटिक पश्चिमेकडे ओलांडताना घड्याळ अनेक रात्री एकेक तास मागे जाते, त्यामुळे पंचवीस तासांचे दिवस मिळतात. पूर्वेकडे येताना तेच तास कापले जातात आणि झोप अपुरी राहते. अण्णांना पहाटे उठून डेकवर जायचे असल्याने डॉक्टरांनी शरद ऋतूतली, युरोपकडून कॅरिबियनकडे जाणारी सफर सुचवली. वहिनींनी त्यापूर्वीचे पाच दिवस बार्सिलोनासाठी राखून ठेवायला सांगितले आहे, आणि विम्याच्या दिवसांची मर्यादा विचारण्याचे काम सरांनी स्वतःकडे घेतले आहे.