गांधीलमाश्या आणि घरातले तज्ज्ञ

मुंबईच्या फ्लॅटमध्ये गांधीलमाश्यांचं पोळं दिसलं की पाच मिनिटांत घरातला प्रत्येक जण तज्ज्ञ होतो. आजी रॉकेल सुचवते, बाबा जुना खराटा शोधतात आणि धाकटा मच्छर मारायची बॅट घेऊन हजर. या तिघांना आधी बाल्कनीतून आत घ्यावं आणि सरकता दरवाजा लावून टाकावा. पुढचं काम अंधार पडल्यावरचं.

आधी माशी ओळखावी. खिडकीच्या चौकटीत, कपाटामागे किंवा प्लगच्या भोकात चिखलाचा गोळा दिसला, तर ती कुंभारीण. ती एकटीच असते, घराची राखण करत बसत नाही आणि चिमटीत धरल्याशिवाय सहसा डसत नाही. कीर्तनात कीटक-भृंगी न्याय सांगतात: कोंडलेली अळी भृंगीचा, म्हणजे याच माशीचा, ध्यास घेता घेता स्वतःच भृंगी होते. दृष्टान्त सुंदर, पण आतला प्रकार वेगळा आहे. तिथे कोळी किंवा अळी नांगी मारून लुळी करून ठेवलेली असते आणि कुंभारणीचं पिल्लू ती ताजी ताजी खातं. ध्यास असतो, पण जेवणाचा! गोळ्याला भोक पडलं म्हणजे पिल्लू उडालं; मग खुशाल खरवडा. प्लगमधला असेल तर आधी मेन स्विच बंद.

खरी पंचाईत कागदी पोळ्याची. एसीच्या आउटडोअर युनिटखाली, ग्रिलच्या कोपऱ्यात, छज्ज्याच्या आडोशाला बारीक देठाला लटकलेली षटकोनी घरं, तोंडं खाली. लाकडाचे तंतू खरवडून लाळेत कालवले की हा करडा कागद तयार होतो. यातल्या रोपालिडिया मार्जिनेटा नावाच्या जातीवर बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये राघवेंद्र गदगकरांनी अनेक दशकं काम केलं. हिची राणी पोळ्यातली अगदी गरीब बाई. कुणावर खेकसत नाही, तरी कारभार चालतो. सोसायटीच्या कमिटीशी मी तुलना करत नाही. शिवाय ही माशी वर्षात केव्हाही पोळं धरते, त्यामुळे ‘थंडीत जातील आपोआप’ म्हणणाऱ्याने मुंबईची थंडी आठवावी.

पाच-सहा घरं आणि एकच माशी असेल, तर ती बाहेर गेल्यावर भर दिवसा काठीने पाडलं की झालं. चिकाटीची असेल तर पुन्हा बांधेल, पुन्हा पाडायचं. पण पोळं तळहाताएवढं आणि वर दाटी असेल, तर रात्रच. तेव्हा सगळ्या घरी असतात. एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे भांड्यांचं लिक्विड, झाडांना फवारायचा हातपंप, नोझल धारेवर. नुसतं पाणी त्यांच्या अंगावरून ओघळून जातं. साबणाचं पाणी अंगाला चिकटतं, श्वासाच्या भोकांत शिरतं आणि पंख जड करतं. एसीजवळ असेल तर एमसीबी खाली. बाल्कनीचा दिवा बंद. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावून तो बाजूच्या स्टुलावर ठेवायचा, कारण लाल रंग त्यांना फारसा दिसत नाही, पण पांढऱ्या उजेडाकडे त्या सरळ येतात आणि टॉर्च धरलेला हात आपला असतो. पूर्ण बाह्या, जीन्स, मोजे, डोक्याला ओढणी. पोळ्याच्या बरोबर खाली उभं राहू नये, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

आता आजीचं रॉकेल: उंच इमारतीत पोळ्यासाठी आग लावणं म्हणजे डोकेदुखीसाठी डोकं काढणं. बाबांचा खराटा: चिरडलेल्या माशीच्या विषाचा वास बाकीच्यांना चेतवतो. आणि दहाव्या मजल्यावर ग्रिलबाहेर ओणवं व्हायचं असेल, तर तो प्रश्न माशीचा उरत नाही. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा.

डसलीच, तर चुना लावू नका, लोखंड घासू नका. गांधीलमाशी मधमाशीसारखी काटा सोडून जात नाही, तेव्हा सुईने टोकरायलाही काही नसतं. ती तीच नांगी पुन्हा वापरते. साबणाने धुवा, फडक्यात बर्फ गुंडाळून ठेवा. ओठ-चेहरा सुजला, श्वास लागला, चक्कर आली किंवा एकदम बऱ्याच डसल्या, तर घरातल्या एकाही तज्ज्ञाला न विचारता रुग्णवाहिकेसाठी 108.

सकाळी पोळं पाडून देठाचा डाग पत्र्याने खरवडावा आणि जागा साबणाने पुसावी. रात्री बाहेर राहिलेल्या एक-दोघी परततात आणि रिकाम्या कोपऱ्याशी दोनेक दिवस घिरट्या घालतात. त्यांना घालू द्याव्या. बॅट तेवढी माळ्यावर ठेवा.