नाइन्टीवाल्या मॅडम

परवा कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत मेथीची जुडी उलटीपालटी करून बघत होते, तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, "अगं, सांगत नव्हतो काय? ह्याच त्या नाइन्टीवाल्या मॅडम!"

भाजीवालीनं मान वर केली. पलीकडच्या टोमॅटोवाल्यानं तर उभं राहून बघितलं. मेथी शिळी होती हे दिसत होतं, पण भाव करायची पत तेवढ्यात गेली होती. मागितले तेवढे पैसे दिले आणि जुडी पिशवीत कोंबली. ती अजून फ्रीजमध्ये आहे. बघितली की राग येतो.

तर खुलासा असा.

भिशी माझ्याकडं होती आणि मी आयरिश क्रीमच्या थराच्या ब्राउनी करणार होते. खाली चॉकलेटची ब्राउनी, मध्ये बटर आणि आयसिंग शुगरचा मऊ थर, वर गनाश, म्हणजे गरम क्रीममध्ये वितळवलेलं चॉकलेट. आयरिश क्रीम म्हणजे व्हिस्की आणि दुधाची साय एकत्र केलेलं लिक्युअर, गोड दारू. बेलीज हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव, १९७४ साली आयर्लंडमध्ये बाजारात आलं. आठ इंची चौकोनी ट्रेला ते लागतं बरोबर ५० मिली: ३५ मधल्या थरात, १५ गनाशमध्ये. ५० मिलीची खेळण्यासारखी बाटली मिळते. ती आणायला मी वाईन शॉपला गेले. गुन्हा एवढाच.

बाई दिसली की वाईन शॉपची रांग दुभंगते. "ओ, ताईंना पुढं घ्या रे!" अंबाबाईच्या दर्शनाला मी दोन-दोन तास उभी असते, तेव्हा कुणाला ताई आठवत नाही. इथं मात्र सगळे बाजूला सरकले आणि मी एकटी जाळीसमोर, स्टेजवर आल्यासारखी.

"बेलीजची पन्नास मिलीची हाय काय?"

"छोटी न्हाई. सातशे पन्नासची हाय." पोरानं बाटली जाळीशी आणून ठेवली आणि किंमत सांगितली. मी बाटलीपासून हात काढून घेतला.

"एवढी नको. केकात घालतो मी."

हे वाक्य वाईन शॉपवर कुणालाही पटत नाही. मागं कुणीतरी हसलंच. पण माझ्या लगेच मागं जे मामा उभे होते ते हसले नाहीत. पांढरा पायजमा, हातात कापडी पिशवी, चष्मा कपाळावर. त्यांनी विचारलं, "भाजायच्या आधी घालतायसा, का नंतर?"

मी वळून बघितलं. घरी बेकिंग शिकवते त्याला काही वर्षं झाली. ओव्हन केवढ्याचा, कोको कुठला, फोटो कसा काढायचा, सगळं विचारून झालंय. हा प्रश्न अजून एकाही विद्यार्थिनीनं विचारलेला नाही.

"नंतर," मी म्हटलं.

"मग बरोबर. आधी घातली तर उडून जाणार की. उडून जाणार असंल तर घालायची कशापायी?"

आता हे शंभर टक्के खरं नाही, ऐंशी टक्के खरं आहे, आणि राग त्याचाच आला. अल्कोहोल ७८ अंशाला उकळतं हे बरोबर, पण घोळात मिसळलेलं अल्कोहोल सगळं जात नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याचा तक्ता आहे: अर्धा तास भाजल्यावर सुमारे ३५ टक्के उरतं. गंमत म्हणजे उरायचं ते उरतं आणि ज्याच्यासाठी एवढा उपद्व्याप करायचा तो वास मात्र निघून जातो. वर घोळात पातळ पदार्थ जास्त झाल्यामुळं ब्राउनी कडेला कोरडी आणि मध्ये गिच्च होते. सांगायचा मुद्दा, घोळात लिक्युअर ओतणं म्हणजे पैसे देऊन ब्राउनी बिघडवणं. ते घालायचं न भाजलेल्या थरात.

एवढं सगळं मी वाईन शॉपच्या जाळीशी उभी राहून सांगितलं. का सांगितलं, देव जाणे. मास्तरकीची खोड.

मामांनी चष्मा खाली घेतला आणि जाळीशी येऊन लेबल वाचलं. "सतरा टक्के! हे काय औषध हाय काय?" मग पोराला म्हणाले, "माझी दे हिकडं." त्यांची चपटी आली. त्यावर ४२.८. मामा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून रिटायर झालेले निघाले, आणि आकडा दिसला की अशा माणसाला धरवत नाही. मोबाईल काढला.

"तुमचं पन्नास मिली, सतरा टक्क्यानं साडेआठ. माझं एकशे ऐंशी, बेचाळीस पॉइंट आठनं... सत्त्याहत्तर. भागिले साडेआठ. नऊ." मान वर केली. "म्हंजे ह्या एका कॉर्टरला तुमचे नऊ ट्रे खायला लागणार. एका ट्रेत वड्या किती?"

"वड्या नव्हं ओ मामा, ब्राउनी."

"तेच. किती?"

"सोळा."

"एकशे चव्वेचाळीस वड्या!"

रांगेत शांतता पसरली. मागच्या एका तरण्या पोरानं हातातल्या बाटलीकडं नव्या आदरानं बघितलं.

"आन् साखर?"

"ब्राउनीत दोनशे ग्रॅम, मधल्या थरात दोनशे."

"नऊ ट्रेला छत्तीसशे ग्रॅम. साडेतीन किलोच्या वर!" मामांचा चेहरा उजळला. "कारखान्याला बरं हाय की हे!"

मग त्यांनी बाटलीवरचं गाईचं दूध, साय वगैरे वाचलं आणि गाडी तिकडं वळली. आयर्लंडात ऊस होत नाही काय? नाही, ते सातूची दारू करतात. मग आपली? आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त व्हिस्कीचं स्पिरिट मळीचं. "म्हंजे आमचंच!" मामा पिशवीवर थाप मारून म्हणाले. आणि दारूत दूध घातलं तर फाटत कसं नाही? हा प्रश्नही चांगला होता, हे कबूल करायला जिवावर येतं. सायीतले स्निग्ध कण यंत्रात इतके बारीक करतात की ते पुन्हा एकत्र येऊन वर तरंगत नाहीत, आणि त्यातलं अल्कोहोल दूध नासू देत नाही. पण लिंबू पिळा, मग बघा, पनीर होतं.

"गंगावेशीत समोर म्हस पिळून देत्यात," मामा म्हणाले. "तिथनं पेला भरून आणायचा नि हितं येऊन..." रांगेनं माना डोलवल्या. गंगावेशीच्या कट्ट्यावरच्या फेसाळ दुधाचं एवढं वाईट कुणी कधी चिंतलं नसेल.

"मामा, मला उशीर होतोय," मी म्हटलं.

"मग नाइन्टी घ्या की. दूध घरात हायच. घरीच करा." नाइन्टी म्हणजे ९० मिलीची छोटी बाटली.

आणि इथं माझा संताप खरा आहे, कारण हे मला माहीत होतं. मी स्वतः शिकवते. ४०० ग्रॅमच्या कंडेन्स्ड मिल्कचा अर्धा डबा, १०० मिली फ्रेश क्रीम, ९० मिली व्हिस्की, चमचाभर इन्स्टंट कॉफी चमचाभर गरम पाण्यात विरघळवून, अर्धा चमचा कोको, व्हॅनिला. कोको आधी थोड्या कंडेन्स्ड मिल्कमध्ये घोटायचा, नाहीतर गुठळ्या तरंगतात. हातानं हलवायचं, मिक्सर जास्त फिरला तर सायीचं लोणी यायला लागतं. गाळून फ्रीजमध्ये, आठवड्याच्या आत संपवायचं. दहा-अकरा टक्क्यांचं होतं, मूळच्यापेक्षा दाट आणि गोड, म्हणून मधल्या थरातली आयसिंग शुगर वीसेक ग्रॅम कमी. ही स्वतःच्या वहीतली कृती मला रांगेतल्या माणसानं सुचवावी लागली, आणि तीही दोन शब्दांत.

मी हो म्हणायच्या आतच मामांनी आवाज दिला, "ए, मॅडमना एक नाइन्टी दे रे! जरा बरी दे, पाहुणं येणार हाईत." पोरानं ती पेपरात गुंडाळली, अर्धी मान तरी बाहेर राहील अशा बेतानं, आणि विचारलं, "शेंगदाणे देऊ काय सोबत?"

"परमिट?" मी हळूच म्हटलं. आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं प्यायलाच नव्हे, घ्यायला आणि बाळगायलाही परवाना लागतो.

"ते प्यायचं असतंय," मामा म्हणाले. "खायचं कुठं असतंय?"

घरी आले. राग आला की माणूस काटेकोर काम करतो, त्यामुळं ब्राउनी उत्तम झाली. ११५ ग्रॅम बिनमिठाचं बटर आणि तेवढंच डार्क चॉकलेट गरम पाण्यावरच्या भांड्यात वितळवलं. चॉकलेटच्या पाकिटावर कोको बटर लिहिलंय का बघायचं. वनस्पती तूप लिहिलं असेल तर ते कंपाउंड, गनाश मेणासारखं टाळूला चिकटतं. साखर २०० ग्रॅम, मिक्सरमधून दोनदा झटका देऊन, कारण आपली साखर जाड. अंडी फोडून, वजन करून १०० ग्रॅम. आपल्याकडची अंडी लहान, "दोन अंडी" म्हणण्यात अर्थ नाही. साखर आणि अंडी चार-पाच मिनिटं फेटायची, बोटांत कण लागेनासा होईपर्यंत. ब्राउनीवर जी चकाकती पातळ पापडी येते ती ह्याच विरघळलेल्या साखरेची. गूळ घातला तर कोल्हापूरची शान राहते, पापडी राहत नाही. मग कोमट चॉकलेट, ६५ ग्रॅम मैदा, २० ग्रॅम कोको, चिमूटभर मीठ. मैदा दिसेनासा झाला की हात थांबवायचा. बेकिंग पावडर नाही. आमच्या लाईटच्या लहरींत त्याचा फायदा असा की मध्येच वीज गेली तरी खाली बसायला फार काही फुगलेलंच नसतं. दार मात्र उघडायचं नाही.

१७० अंश, २२ ते २५ मिनिटं. ओटीजी ओव्हनच्या बटणावरचा आकडा फक्त श्रद्धेचा विषय आहे. आत लटकवायचा थर्मामीटर घ्या. सळई स्वच्छ बाहेर आली तर उशीर झाला, केक झाला. सळईला ओलसर कण चिकटले पाहिजेत, कारण ट्रे बाहेर काढल्यावरही आतल्या उष्णतेनं ब्राउनी भाजतच राहते.

मग दोन तास हात लावायचा नाही. पूर्ण गार. कोमट ब्राउनीवर थर घातला की बटर वितळून खाली मुरतं आणि मधला थर उरतच नाही.

थरासाठी ६० ग्रॅम मऊ बटर, चाळलेली आयसिंग शुगर, आणि ते ३५ मिली चमच्या-चमच्यानं. फ्रीजमधून काढलेलं लिक्युअर तसंच ओतलं तर बटरच्या गारगोट्या होतात आणि पाणी वेगळं होतं. भांडं क्षणभर गरम पाण्यावर धरून पुन्हा फेटलं की जुळून येतं. नेहमीचं पिवळं खारट बटर नको, घरचं ताकातलं लोणी तर अजिबात नको. आंबूस वास व्हिस्कीला हरवतो. थर पसरून तासभर फ्रीजमध्ये. गनाशला १२० ग्रॅम चॉकलेट आणि ८० मिली क्रीम. क्रीमच्या कडेला बुडबुडे आले की बंद, उकळलं तर फुटतं. उरलेलं १५ मिली सगळ्यात शेवटी, गनाश एकजीव आणि कोमट झाल्यावर. नुसत्या वितळलेल्या चॉकलेटमध्ये दोन थेंब पडले तरी ते रवाळ होऊन गोळा बसतं. गनाश अर्धवट घट्ट झालं की त्यावर सुरीनं रेघा आखून ठेवायच्या, नाहीतर कापताना वरचा थर तडकतो आणि मधलं क्रीम बाजूनं बाहेर येतं. कापायची सुरी दर वेळी गरम पाण्यात बुडवून, पुसून.

न भाजलेल्या थरातली दारू तशीच राहते, त्यामुळं ट्रेजवळ स्पष्ट सांगायचं. मुलांना आणि नको असेल त्यांना कॉफी-दुधाचा थर वेगळा करायचा. भिशीत मी सांगितलं. सगळ्या "बापरे" म्हणाल्या. कॉफीचा ट्रे जवळजवळ तसाच उरला.

हे सगळं करणाऱ्या बाईची ओळख शेवटी काय? नाइन्टीवाल्या मॅडम.

मंडईत मामांच्या बाजूला त्यांच्या मंडळी उभ्या होत्या. मला वरपासून खालपर्यंत बघून झाल्यावर त्या जवळ आल्या. आता ऐकून घ्यावं लागणार म्हणून मी मेथीची पिशवी छातीशी धरली.

"ते दारूचं करतायसा म्हणं. आमच्या नातवाचं लगीन ठरलंय, घरात चाळीस माणूस हाय. करून द्याल काय?"

"दारू चालते तुमच्यात?"

"ते चालतंय ओ," मामी म्हणाल्या आणि आवाज खाली आणला. "अंडं तेवढं घालू नका. गुरुवार हाय."

कंडेन्स्ड मिल्कचा उरलेला अर्धा डबा घरी होताच. बिनअंड्याच्या ब्राउनीला तो लागतोच. वर पापडी येणार नाही, मी बजावलं.

"पापडी असू दे," मामा मागून म्हणाले. "चाळीस माणसांना किती ट्रे, ते मी सांगतो." आणि मोबाईल काढला.