ट्रस रॉड म्हणजे तार खाली करायचा स्क्रू नव्हे

‘वीस हजारांखालचा बेस घेताय? आधी हे वाचा’ असा बेस गिटारबद्दलचा एक फॉरवर्ड सध्या सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. मी दुर्लक्ष करत होतो. पण परवा भाच्याने तोच मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘मामा, ट्रस रॉडला घरातली एल-की (एल आकाराची षटकोनी चावी) चालेल का?’ आता गप्प बसवत नाही.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: स्वस्त बेसचं लाकूड बोगस, त्याला आवाजच नसतो. तारा उंच असतील तर ट्रस रॉड पिळत जा, ‘जितका घट्ट तितकी तार खाली’. तारा नव्या घेऊ नका, जुन्या उकळा. आणि गिटारच्या अँपला (अँप्लिफायरला) बेस लावला की स्पीकर फाटलाच.

दुसरा मुद्दा आधी घेतो. बाकीच्यांनी फार तर पैसे वाया जातील, याने बेसच जाईल.

ट्रस रॉड म्हणजे नेकच्या, म्हणजे बेसच्या लांब मानेच्या, पोटातली सळई. चार तारा मिळून नेकला ७०-८० किलोच्या आसपास ओढतात, त्याने नेक पुढे वाकतो आणि सळई त्याला मागे धरते. एवढंच तिचं काम. ती आवळली की नेक सरळ होतो आणि तार जराशी खाली येते, हे खरं. म्हणूनच पहिल्या पाव फेऱ्यात हा सल्ला पटतो. पण कंप पावणाऱ्या तारेला मधे जागा लागते. सळई जास्त आवळून नेक उलटा वाकला की तार पहिल्या दोन-तीन फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) खडखडते. मग पोरगं काय करणार? अजून आवळणार. शेवटी सळईचा नट झिजून गोल होतो नाहीतर सळई तुटते, आणि कारागीर दुरुस्तीचा जो आकडा सांगतो त्यात दुसरा बेस येतो.

१९५१ पासून बेस बनवणाऱ्या फेंडरने सेटअपची (बेस जुळवण्याची) मापं उघड दिलेली आहेत, ती तरी वाचा. तारा सुरात लावून पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा, सगळ्यात जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबायची आणि नेकच्या मधे तार व फ्रेटमधली फट मोजायची. फ्रेटबोर्डच्या (फ्रेट बसवलेल्या पट्टीच्या) गोलाईप्रमाणे ती ०.०१० ते ०.०१४ इंच हवी. मोजायला फिलर गेज (पातळ पात्यांचं माप), गॅरेजवाला बाइकचे टॅपेट सेट करायला वापरतो तोच. फट जास्त असेल तर पाव फेरा घट्ट, कमी असेल तर पाव फेरा सैल, परत सूर, परत माप. जोर लागायला लागला की थांबायचं आणि कारागिराकडे न्यायचं.

तारेची उंची त्यानंतर, आणि तीही ब्रिजवर, म्हणजे तारा खाली जिथे अडकवतात तिथे. प्रत्येक सॅडलला (तार टेकते त्या तुकड्याला) दोन बारीक स्क्रू असतात ते कशासाठी? बहुतेक नव्या बेसना सतराव्या फ्रेटवर जाड तारेखाली ६/६४ इंच, म्हणजे साधारण २.४ मिलिमीटर, ठेवतात. मग इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं: बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसतं बोट टेकवून निघणाऱ्या सुरापेक्षा) चढा आला तर सॅडल मागे, उतरला तर पुढे.

आणि भाचेबुवा, एल-की बेससोबत आलेलीच वापर. चावीच्या मापात इंच-मिलिमीटरची गल्लत झाली की नट गेलाच म्हणून समज.

लाकडाचं काय घेऊन बसलात! स्वस्त बेसची खोट निघते फ्रेटमध्ये आणि पेगमध्ये (तारा पिळायच्या खुंट्यांमध्ये). दुकानात अँप न लावता प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून बघा, नेकच्या कडेने बोट फिरवून फ्रेटची टोकं टोचतात का बघा. ट्रस रॉडचा नट दोन्हीकडे फिरतो का, ते दुकानदाराकडूनच करून घ्या.

तारा उकळण्यात थोडं तथ्य आहे, कबूल. मळ निघतो, चार दिवस चमक येते, मग पुन्हा तेच. शिकणाऱ्याला तेवढी खटपट कशाला? मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा नावाजलेला बेसवादक जेम्स जेमर्सन तार तुटल्याशिवाय बदलत नसे.

अँपचं म्हणाल तर घरात हळू वाजवून काही फाटत नाही. न दाबता वाजवलेली जाड तार ४१ हर्ट्‌झची, गिटारचा स्पीकर तेवढ्या खालच्या सुरासाठी नसतो, त्यामुळे गणपतीच्या स्टेजवर तो अँप फुल करू नका. खोलीत सरावाला हेडफोनचा छोटा अँपही पुरतो.