‘झोपेचे निमित्त’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अपुरी झोप आणि कामावरची चिडचिड यांविषयीच्या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी चार दिवसांपूर्वी वाचली. त्याच रात्री एक उत्तर लिहून काढले होते. ते पाठवले नाही, कारण ते याहून लहान आणि याहून वाईट होते.

आपण लिहिता, ‘माझे वडील तीस वर्षे तिन्ही पाळ्यांत राबले, पण त्यांनी कधी साहेबावर आवाज चढवला नाही. झोपेचे निमित्त करून उर्मटपणावर पांघरूण घालणे हे एसीत बसणाऱ्यांचे चोचले आहेत.’ पुढे आपले तीन आक्षेप आहेत : अमिग्डाला ही ग्रंथी नव्हे, ताणामुळे झोप उडते की झोप उडाल्याने ताण वाढतो हे मी स्पष्ट केलेले नाही, आणि कारण सांगितले म्हणून वागणे माफ होत नाही.

अमिग्डालाबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे. तो मेंदूतला बदामाच्या आकाराचा एक भाग आहे, त्याला ग्रंथी म्हणणे ही माझी चूक. मात्र २००७ च्या ज्या प्रयोगाचा मी उल्लेख केला होता, त्यात रात्रभर जागवलेल्या लोकांना अस्वस्थ करणारी चित्रे दाखवल्यावर याच भागाचा प्रतिसाद झोपलेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी अधिक तीव्र आढळला होता, आणि नाव चुकल्याने तो आकडा खाली येत नाही.

आता ‘चोचले’. मतभेदाला माझी कधीच ना नसते, परंतु समोरच्याने आयुष्यात काय केले आहे याची चौकशीही न करता त्याला एसीत नेऊन बसवणे ही टीका नव्हे, हा शेरा झाला. मी नऊ वर्षे भोसरीतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात होतो आणि आमची पाळी दर आठवड्याला बदलत असे. रात्रपाळी करून सकाळी आठला घरी यायचे, दहाला भंगारवाल्याची आरोळी, अकराला शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, आणि गुरुवारी वीज गेली की पंखाही बंद. त्या आठवड्यात सलग चार तास झोप झाली तर घरात ती बातमी असे. दुपारी दोनला उठलेला माणूस सकाळी सातला पाळी संपवतो तेव्हा त्याला जागे होऊन सतरा तास झालेले असतात. १९९७ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका प्रयोगानुसार इतक्या जागरणानंतर हातांचे आणि नजरेचे काम रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखे ढासळते. आपल्याकडे वाहन चालवताना १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के, एवढीच मर्यादा आहे. मी नऊ वर्षे त्या अवस्थेत नाशिक फाट्यावरून दुचाकी नेली, आणि मला कोणी अडवले नाही.

आपल्या वडिलांबद्दल मला आदर आहे. पण आपण दिलेला दाखला नीट वाचावा : त्यांनी ‘साहेबावर’ आवाज चढवला नाही. अहो, साहेबावर कोण चढवतो? अपुऱ्या झोपेचा राग उतारावरच्या पाण्यासारखा खालीच वाहतो, जो उलटून बोलू शकत नाही त्याच्याकडे. व्यवस्थापकांवरील २०१५ च्या एका अभ्यासातही हेच दिसले : रात्रीची झोप नीट झाली नाही की दुसऱ्या दिवशी हाताखालच्या माणसांशी त्यांचे वागणे अधिक अपमानास्पद होत होते, आणि त्यात झोपेच्या तासांपेक्षा तिचा दर्जा निर्णायक ठरला होता. तेव्हा आपल्या वडिलांचा आवाज कुठे चढत होता हे साहेबाला नव्हे, घरच्यांना विचारायला हवे. हे वाक्य बोचेल याची मला कल्पना आहे. चोचल्यांचेही बोचले होते.

माझेच सांगतो. एकदा महिनाअखेरच्या रात्रपाळीत, पहाटे साडेचारच्या सुमारास, एका शिकाऊ मुलाने व्हर्नियरवर घेतलेले माप मला चुकीचे वाटले. मी सगळ्या लाइनसमोर त्याची अक्कल काढली आणि त्याच्या मालाच्या अख्ख्या पेटीला लाल टॅग लावला. माप बरोबर होते. ड्रॉइंगवरचा आकडा मीच चुकीचा वाचला होता. वीस मिनिटांनी मोठे साहेब फेरीला आले, त्यांनी त्याच पेटीबद्दल खडसावून विचारले, आणि मी अत्यंत मऊ आवाजात ‘हो सर’ म्हणालो. रात्र तीच होती, झोप तेवढीच झाली होती, आवाज मात्र दोन होते. आपण म्हणाल, म्हणजे तुम्हाला आवर घालता येत होता. येत होता, पण उरलासुरला संयम मी साहेबांसाठी राखून ठेवला होता आणि त्या मुलाच्या वाट्याला काही उरले नाही. आपण थकलो आहोत हेदेखील त्या वेळी मला जाणवत नव्हते. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या प्रयोगात चौदा दिवस रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपवलेल्या लोकांची चाचणीतली कामगिरी घसरतच गेली, आपल्याला फारशी पेंग येत नाही असे मात्र ते सांगत राहिले. त्यामुळे ‘वडिलांनी कधी तक्रार केली नाही’, हे आपण आणखी एका ठिकाणी म्हणता, तो पुरावा होऊ शकत नाही.

ताण आधी की निद्रानाश आधी, याविषयी एवढेच म्हणतो की दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात. सविस्तर पुन्हा केव्हातरी. माफीचा मुद्दा माझ्या लेखाचा विषयच नव्हता. मी वागण्याची कारणे सांगत होतो, निकाल देत नव्हतो. त्या मुलाची मी माफी मागितली का, हे आपण विचारलेले नाही, आणि मीही सांगत नाही.

ग्रंथीची दुरुस्ती लेखात आज सकाळी केली आहे.