पगाराच्या साठपट घर परवडते का? एक खुलासा

‘पगाराच्या साठपट गृहकर्ज मिळते, म्हणजे तेवढ्या किमतीचे घर परवडते’ असा हिशेब सध्या सर्रास सांगितला जातो. तो दिशाभूल करणारा आहे. साठपट हा बँकेच्या अंदाजाचा ढोबळ आकडा असून तो घरखर्च, मुलांची फी किंवा आधीचे हप्ते जाणत नाही.

दरमहा ५०,००० रुपये हाती येणाऱ्याने ३० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे २६,०३५ रुपये, म्हणजे निम्म्याहून अधिक पगार होतो. हप्ता ४० टक्क्यांत, म्हणजे २०,००० रुपयांत बसवायचा तर कर्ज सुमारे २३ लाखांवरच थांबते, आणि माझ्या मते तिथेच थांबावे.

शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतचे कर्ज किमतीच्या ९० टक्क्यांपलीकडे जात नाही. पुणे महापालिका हद्दीत ३३ लाखांचे घर घेणाऱ्या पुरुषाला स्वतःचे किमान ३ लाख ३० हजार, सात टक्के मुद्रांक शुल्काचे २ लाख ३१ हजार आणि नोंदणीचे ३० हजार, असे जवळपास सहा लाख रुपये आधीच जमवावे लागतात.