सहीचा कागद म्हणजे माफीनामा नव्हे

"ऑपरेशनआधी तुमची सही घेतात ती पेशंट दगावला तर हात वर करायला. सही केलीत की कोर्टही काही करू शकत नाही. सरकारी दवाखान्याला तर कुणी विचारूच शकत नाही. 2019 च्या ग्राहक कायद्यातून डॉक्टरांना वगळलंय, नव्या न्यायसंहितेत त्यांना शिक्षा नाही आणि एक डॉक्टर दुसऱ्याविरुद्ध तोंड उघडत नाही. म्हणून जो काय हिशोब करायचा तो तिथेच, त्याच वेळी करा."

हा मजकूर कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर तुमच्याकडेही आला असेल. शेवटच्या वाक्याचा अर्थ न कळण्याइतकं कुणी भोळं नाही. आधीची वाक्यं रचली आहेत तीच मुळी त्या एका वाक्यापर्यंत नेण्यासाठी, म्हणून एकेक तपासून बघू.

आधी सही. संमतीपत्र म्हणजे परवानगी: अमुक ऑपरेशन करा, त्यातले धोके मला सांगितले आहेत. भुलेची रिअ‍ॅक्शन आली, रक्तस्राव झाला, तर काळजी घेऊनही असं होऊ शकतं हे तुम्ही मान्य केलेलं असतं. निष्काळजीपणा मात्र तुम्ही मान्य केलेला नसतो. 'काही झाल्यास रुग्णालय जबाबदार राहणार नाही' ही छापील ओळ फॉर्मवर असली तरी तिने हलगर्जी धुऊन निघत नाही. उलट, सही नसेल तर अडचण डॉक्टरचीच होते. सर्वोच्च न्यायालयाचा 2008 चा समीरा कोहली निकाल बघा. बाईंनी सही केली होती दुर्बिणीतून तपासणीसाठी. त्या भुलेत असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजांडकोश काढून टाकले. न्यायालय म्हणालं, रुग्ण सज्ञान आहे, जिवाला तातडीचा धोका नव्हता, शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं. आईची संमती चालली नाही. (भरपाई मिळाली 25 हजार रुपये. मला ती रक्कम आजही लाजिरवाणी वाटते.)

सरकारी दवाखान्याला कुणी विचारत नाही, म्हणे. औरंगाबादचं सिव्हिल हॉस्पिटल, जुलै 1963. बाळंतपणासाठी आलेल्या एका बाईंची बाळंतपणानंतर तीन दिवसांनी नसबंदीची शस्त्रक्रिया झाली आणि पुसायचं कापड पोटातच राहिलं. ताप, वेदना, सहा दिवसांनी पोट पुन्हा उघडलं तेव्हा ते सापडलं, पण तोवर पू झाला होता. त्या महिना संपायच्या आत गेल्या. नवऱ्याने दावा लावला. खालच्या कोर्टाने 36 हजार रुपये दिले, उच्च न्यायालयाने ते फिरवलं आणि 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला जबाबदार धरून पुन्हा मंजूर केलं. पोटात कापड सापडल्यावर हलगर्जीचा वेगळा पुरावा कशाला हवा, असा एकूण सूर. आता हेही खरं की 1963 ते 1996 म्हणजे 33 वर्षं. पोस्ट लिहिणाऱ्याचा राग इथून आला असेल तर तो मला समजतो. पण 'उशीर लागतो' आणि 'विचारताच येत नाही' यात फरक आहे. जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात असा दवाखाना ग्राहक कायद्यात बसत नाही एवढंच. दिवाणी कोर्टाचं दार तिथेही उघडं असतं.

2019 चा मुद्दा तर शब्दांचा खेळ. विधेयकात सेवांच्या यादीत आरोग्यसेवेचा उल्लेख होता, तो अंतिम कायद्यात राहिला नाही. पण ती यादी फक्त उदाहरणादाखल आहे. पैसे घेऊन केलेले उपचार ही 'सेवा' आहे हे 1995 पासून ठरलेलं आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2021 मध्ये आणि पाठोपाठ 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वगळल्याचा दावा फेटाळला.

न्यायसंहितेचं, म्हणजे जुन्या भारतीय दंडविधानाच्या जागी आलेल्या कायद्याचं, कलम 106 वाचायला दोन मिनिटं लागतात. निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास इतरांना 5 वर्षांपर्यंत कैद, नोंदणीकृत डॉक्टरला उपचारादरम्यान तसं घडल्यास 2 वर्षांपर्यंत, शिवाय दंड. जुन्या कायद्यातही कमाल 2 वर्षंच होती, आणि तेव्हा नुसत्या दंडावर सुटता यायचं.

फौजदारी खटला सहज उभा राहत नाही हे मात्र खरं, आणि माझ्या मते ते बरोबरही आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार चूक ढोबळ, अक्षम्य असावी लागते आणि पोलिसांनी आधी त्या शाखेच्या स्वतंत्र डॉक्टरचं मत घ्यावं लागतं. उपचार फसले म्हणजे गुन्हा झाला असं धरलं, तर रात्री दोन वाजता अत्यवस्थ पेशंटला हात कोण लावेल?

डॉक्टर डॉक्टरविरुद्ध जात नाही? या देशातल्या सर्वांत जुन्या गाजलेल्या खटल्यांपैकी एकात दावा लावणारा बापच डॉक्टर होता. मे 1953 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर वीसेक वर्षांच्या मुलाचं मांडीचं हाड मोडलं. टॅक्सीने दोनशे मैल पुण्याला आणलं. तिथे भूल न देता, नुसत्या मॉर्फियावर, माणसांनी पाय ओढून हाड बसवलं असं कोर्टाला आढळलं. मुलगा त्याच रात्री गेला. वडील 1968 पर्यंत लढले, सर्वोच्च न्यायालयापर्यंत जिंकले. भरपाई तीन हजार. साक्षीला डॉक्टर मिळणं आजही अवघड आहे, नाकारत नाही. पण चूक उघड दिसत असेल तर प्रत्येक वेळी तज्ज्ञाचं मत लागत नाही, हेही 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलंय.

राहिला 'तिथेच हिशोब'. महाराष्ट्रात 2010 चा कायदा आहे: दवाखान्यात मारहाण-तोडफोड केली तर अजामीनपात्र गुन्हा, 3 वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड, वर नुकसानीच्या दुप्पट भरपाई. म्हणजे माणूस आपला गेलेला आणि आरोपीही आपणच. केसपेपर मागायच्या दिवसांत आपण जामिनासाठी वकील शोधत फिरणार.

त्यापेक्षा साध्या कागदावर अर्ज लिहा: अमुक रुग्णाचे सगळे कागद, नर्सिंग चार्ट आणि ऑपरेशन नोट्ससह, द्यावेत. मागितल्यापासून 72 तासांत ते देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. ग्राहक आयोगात जायला मुदत 2 वर्षांची असते.