८०५१ वर हे गणित चुकतं
प्रोग्रामिंगवरच्या एका लेखात वाक्य आहे: 'फंक्शन प्युअर असेल तर ते आपोआप रीएंट्रंट असतंच'. प्युअर म्हणजे त्याच इनपुटला नेहमी तेच उत्तर देणारं आणि बाहेरचं काही न बदलणारं; रीएंट्रंट म्हणजे अर्ध्यात असताना पुन्हा बोलावलं तरी न बिघडणारं. हे वाक्य पीसीवर किंवा एआरएम चिपवर खपून जाईल. ८०५१ या छोट्या मायक्रोकंट्रोलरवर नाही. या चिपच्या मूळ रूपात आतली रॅम १२८ बाइट, स्टॅकही (फंक्शनची तात्पुरती माहिती ठेवायची जागा) त्यातच. म्हणून काइलचा सी५१ कंपायलर लोकल व्हेरिएबल्स स्टॅकवर ठेवतच नाही, त्यांना रॅममध्ये ठरलेली जागा देतो. वर लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्राम) तीच जागा दुसऱ्या फंक्शनलाही वाटून देतो.

आता समजा, तापमानाची सरासरी काढणारं साधं फंक्शन आहे. ग्लोबल नाही, स्टॅटिक नाही, सोर्स बघितला तर अगदी सोवळ्यातलं. मेन लूपमध्ये ते अर्ध्यात असताना टायमरचा इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवणारा सिग्नल) आला आणि त्यानेही तेच फंक्शन बोलावलं, की आधीची बेरीज पुसली जाते. लिंकर 'मल्टिपल कॉल टू सेगमेंट' अशी वॉर्निंग देतो, पण वॉर्निंग वाचतो कोण! फंक्शनला 'रीएंट्रंट' हा कीवर्ड लावला की कंपायलर सॉफ्टवेअरमध्ये वेगळा स्टॅक उभा करतो. काम होतं, पण कोड फुगतो आणि वेगही मंदावतो, त्यामुळे तो सरसकट लावू नये. मी तर इंटरप्टमध्ये फक्त फ्लॅग (काम आल्याची खूण) सेट करतो, हिशोब मेन लूपमध्ये.

उलटंही असतंच. स्ट्रिंगचे तुकडे करणारं सी मधलं 'स्ट्रटोक_आर' (strtok_r) हे फंक्शन रीएंट्रंट आहे, कारण कुठवर आलो ते कॉलरच्याच पॉइंटरमध्ये ठेवतं. पण दिलेली स्ट्रिंग कापून टाकतं, म्हणजे प्युअर मुळीच नाही.